आधी फोटो, मग पाना

मी टॉवरवर चढणारा माणूस नाही, खाली बसणारा. चढणारा वर अँटेना बांधतो, केबली जोडतो, आणि मी खाली पेटीला लॅपटॉप लावून त्या सगळ्यात जीव येतो का ते पाहतो. आमच्या धंद्यात याला कमिशनिंग म्हणतात. नातेवाइकांत मी 'मोबाइलचे टॉवर चालू करतो' एवढंच सांगतो. त्यांना समजतं, आणि मलाही जरा भारी वाटतं. स्वभावानं मी पहिल्यापासून धास्तावलेला. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणाऱ्यांपैकी. असा माणूस एका गोष्टीत इतका निर्धास्त कसा राहिला, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

ती गोष्ट म्हणजे फोटो. काम झालं असं तोंडानं सांगून आमच्याकडं भागत नाही. प्रत्येक वायरीचा, प्रत्येक स्क्रूचा फोटो पाठवावा लागतो. ते फोटो तपासणारा माणूस कुठल्या शहरात बसतो, मला माहीत नाही. त्याचा आवाजही मी ऐकलेला नाही. तो फक्त 'रिजेक्टेड' असं लिहितो, आणि माझा दिवस नासतो.

सगळ्यात छळायचा तो नटाचा फोटो. अँटेना खांबाला वर एक, खाली एक अशा दोन क्लॅम्पनं, म्हणजे लोखंडी पकडींनी, धरलेली असते. क्लॅम्पचे नट ठरावीक जोर लावूनच आवळायचे असतात आणि त्यासाठी खास पाना मिळतो. हवा तेवढा जोर बसला की तो 'टक्' असा आवाज करतो. टक् झालं की नट आणि बोल्ट दोन्हींवरून मिळून एक लाल रेघ ओढायची. पुढं कधी नट फिरला तर ती रेघ तुटलेली दिसते. साधी आणि शहाणी पद्धत आहे. त्या रेघेचा जवळून फोटो काढायचा, की काम संपलं.

आम्ही ती पद्धत उलटी केली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझा चढणारा जोडीदार. तो परभणीकडचा, चाळिशी ओलांडलेला, कासारवाडीला राहणारा. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला सर म्हणतो. चाकणजवळच्या एका उंच टॉवरवर त्याच्या हातातून फोन निसटला आणि खालच्या दगडांवर त्याचा भुगा झाला. पाना लांब आणि जड. तो सांभाळायचा, मार्कर उघडायचा, वर फोनही धरायचा, आणि हे सगळं पट्ट्यावर लटकून. त्या दिवशी मीच त्याला शहाणपण शिकवलं. "भाऊ, नट हातानं बसवा, रेघ ओढा, फोटो काढा, फोन खिशात घालून चेन लावा. मग निवांत पाना चालवा." पाना फिरला की रेघ तुटणार हे उघडच होतं. पण फोटो तर आधीच निघालेला असायचा. तुटलेली रेघ बघायला वर कोण कडमडतंय? आधी फोटो, मग पाना. काम झपाझप व्हायला लागलं आणि मी स्वतःवर खूश होतो.

रहाटणीची साइट होती एका घराच्या गच्चीवर. घरमालक जुन्या गावकीतले. जिथं त्यांच्या वडिलांनी ज्वारी काढली तिथं आता त्यांची चार मजली इमारत उभी. ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या घरासमोर मोकळी गच्ची आणि तिच्या डोक्यावर, वरच्या गच्चीच्या कठड्याला धरून, आमचा खांब. वस्ती एवढी दाट झाली होती की त्यांच्या घरात फोनला रेंज म्हणून नव्हती. "आमी टॉवरला जागा दिली ती रेंजसाठी," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "लेक बाळंतपणाला आलीय. जावई चाकणला कंपनीत, शिफ्टमधी. त्याच्याशी बोलायचं तर पोरगी भर उन्हात गच्चीच्या कोपऱ्यात उभी ऱ्हाती. बरं दिसतं का ते?"

आम्ही सकाळी साडेसातला पोचलो तेव्हा ती लेक गच्चीवरच होती. चटई अंथरून दोन महिन्यांच्या मुलीला कोवळ्या उन्हात निजवलं होतं. न्हाऊ घालून, टाळूला तेल लावून झालं होतं, आणि बाळ मुठी चोखत पडलं होतं. आम्हाला वर अँटेना ओढून घ्यायच्या होत्या, म्हणून मी तिला आत जायला सांगितलं.

"आजच्या दिवसच ना?" तिनं विचारलं. "हिला याच जागेवर झोप लागते. आत नेली की रडून घर डोक्यावर घेते."

"आजच्या दिवसच. उद्यापासून खुशाल बसा," मी म्हणालो. जाताना तिनं आमच्यासाठी चहा ठेवला, आल्याचा. भाऊ म्हणाला, "सर, हे घर लई चांगलंय." मीही मान डोलावली.

तीन अँटेना तीन दिशांना. आम्ही त्यांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणतो. बीटाचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे बरोबर त्या चटईच्या वर. भाऊ बीटाचे नट बसवत असताना माझ्या लॅपटॉपवर अल्फाचा लाल अलार्म पेटला. केबलचं टोक नीट बसलं नव्हतं. लाल रंग दिसला की माझं डोकं फिरतं. "भाऊ, ते सोडा, आधी अल्फाची केबल बघा!" मी खालून ओरडलो. त्यानं बघितली, लाल गेलं आणि पिवळं आलं. पिवळ्याच्या मागं आमचे दोन तास गेले. दुपारी सगळं हिरवं झालं. साइट चालू होते याची खात्री करून मी ती पुन्हा बंद ठेवली, कारण फोटो पास झाले तरी कंपनीची शेवटची तपासणी पुरी होईपर्यंत सिग्नल सोडायचा नसतो. संध्याकाळी फोटो पाठवले. सगळे पहिल्या फटक्यात पास झाले. असं पूर्वी कधीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावेतच्या घरी चहा घेत मी फोन उघडला. कामाच्या ग्रुपवर फोटो तपासणाऱ्या त्या कधीही न दिसलेल्या माणसानं आमच्या बीटाच्या नटाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'फोटो असा हवा. सर्वांनी शिकावं.' मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. बायकोला हाक मारून दाखवला. मग कौतुकानं मोठा करून बघायला लागलो. वरच्या क्लॅम्पचे दोन नट, त्यांच्यावरून ओढलेली अखंड लाल रेघ. मागं खालची गच्ची धूसर दिसत होती. दोरीवर पिवळं दुपटं वाळत होतं.

फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते. नऊ एक्कावन्न.

मी लॅपटॉप काढला. का काढला, हे तेव्हा मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. नोंदीत अल्फाचा अलार्म आला होता नऊ बावन्नला. अलार्म दिसताच मी ओरडलो होतो. भाऊनं फोटो काढला, फोन खिशात घातला, चेन लावली, आणि पाना हातात घ्यायच्या आत मी त्याला दुसरीकडं पिटाळलं होतं. तो बीटाकडं परत गेला का? मी डोळे मिटून कालचा दिवस आठवायला लागलो. खालच्या क्लॅम्पचे टक् मी ऐकले होते. गॅमाचे ऐकले होते. अल्फाचेही. बीटाच्या वरच्या क्लॅम्पचे? ऐकल्यासारखं वाटे, मग नाही वाटे. जितकं आठवायचा प्रयत्न करावा तितका तो आवाज मीच मनात तयार करतोय असं व्हायला लागलं.

घड्याळात सात चाळीस झाले होते. खिडकीचा पडदा वाऱ्यानं आत फुगत होता. फाल्गुनात सकाळी वारा असतोच, रोज असतो, पण मी रोज त्याच्याकडं बघत नाही. आणि मीच तर त्या लेकीला सांगितलं होतं, उद्यापासून खुशाल बसा.

भाऊला फोन लावला. "बीटाचा वरचा क्लॅम्प आवळला होता ना?"

"आवळलं असंल की सर."

"असंल?"

मागं कासारवाडीच्या स्टेशनवरून गाडी खडखडत गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी हाक मारली तवा... न्हाई सर, याद येत न्हाई. म्या निघतो लगेच."

दोन क्लॅम्पपैकी खालचा पक्का आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. एका क्लॅम्पवर अँटेना लगेच पडत नाही. पण वारा तिला हलवत राहतो, हलून हलून खालचाही सैल होतो. ती अँटेना दोन माणसांनी दोराला लोंबकळून वर घ्यावी लागते एवढी जड. आणि रात्रभर वारा होताच. मी घरमालकांना फोन लावला. 'आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता...' पुन्हा लावला. मेसेज टाकला, त्यावर एकच टिक आली. घरात रेंज नाही म्हणून तर त्यांनी टॉवर घेतला होता. तो टॉवर मी उभा करून, चालू करून, पुन्हा बंद करून घरी चहा पीत बसलो होतो.

गाडी काढली. डांगे चौकात कंपन्यांच्या बसेस एकमेकींना नाकं लावून उभ्या होत्या. हॉर्न वाजवून काय होणार? एका टेम्पोच्या मागं 'अति घाई संकटात नेई' लिहिलं होतं, ते वाचून मला त्या टेम्पोवाल्याचाच राग आला. आठ वाजून गेले. एवढ्यात त्या लेकीनं चटई टाकली असणार. मी गाडी कडेला घेतली आणि कंट्रोल रूमला फोन केला. दूरवरून साइट चालू-बंद करणाऱ्या लोकांची ती जागा. तिथल्या बाईचा आवाज माझ्या ओळखीचा होता.

"रहाटणीची साइट आत्ता चालू करा," मी म्हणालो.

"तपासणी बाकी दिसतेय. कारण काय लिहू?"

काहीही थाप चालली असती. टेस्टिंग म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मग तिनं वरिष्ठांना विचारलं असतं, अर्धा तास गेला असता. "बीटाच्या वरच्या क्लॅम्पचे नट आवळायचे राहिले असावेत. खाली बाळ निजवतात. घरात रेंज नाही, मला त्यांना फोन लावायचाय."

"हे कॉल रेकॉर्ड होतात. माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली. इतकी हळू बोलली की तीही आई असावी असं मला वाटून गेलं.

ती दोन मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. टाकाऊ माणूस आहेस तू, असं स्वतःला म्हणत मी हातातल्या फोनकडं बघत होतो. मग नंबर लावला. आणि रिंग गेली. आपण चालू केलेल्या साइटवरची पहिली रिंग मी शेकडो वेळा ऐकलीय. ही मात्र मी फोन कानाला दाबून ऐकली.

"अय्या, घरात फोन वाजला!" लेकीचा आवाज. "बाबा खाली गेलेत दूध आणायला. कोण बोलतंय?"

"मी टॉवरवाला. बाळ कुठाय?"

"आहे की गच्चीवर. तिला तिथंच ठेवून फोन घ्यायला आत आले. थांबा हं, बाहेर जाते म्हणजे नीट..."

म्हणजे त्या चटईवर बाळ आता एकटं होतं, आणि तेही माझ्या फोनमुळं.

"ताई, तिला आधी आत आणा. आत्ता. फोन ठेवू नका, पण आधी आणा."

"का हो? काय झालं?"

"आणा, मग सांगतो!" मी भर चौकात ओरडलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. फोनमधून चपला फटक फटक वाजत गेल्या. मग काहीच नाही. मग बाळाचं रडणं आधी लांबून आणि मग जवळ येत आलं. दार लागल्याचा आवाज झाला. आयुष्यात मला कुणाचं रडणं एवढं गोड लागलं नव्हतं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो.

पोचलो तेव्हा घरमालक फाटकात दुधाची पिशवी घेऊन उभे होते आणि भाडेकरूंना सांगत होते, "पयला फोन आमच्याच घरात वाजला बगा! साहेबांनी सोताहून केला." मला बघून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. लेकीला आत का पाठवलं हे त्यांनी विचारलंही नाही. काहीतरी कामाचं असेल असं ते धरून चालले होते. आमच्यासारख्यांवर माणसं किती सहज विश्वास टाकतात. काळेवाडी फाट्यापासून मी एक वाक्य घोळवत आलो होतो, 'रूटीन चेकिंग आहे.' ते जिभेवर अगदी तयार होतं.

भाऊ माझ्या पाठोपाठ पोचला. काही न बोलता पट्टा चढवून वर गेला. मी आणि घरमालक तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर बघत होतो, माझा हात अजून त्यांच्या हातात. भाऊनं पान्याला हात लावला नाही. आधी दोन बोटं नटावर ठेवली आणि फिरवली. नट फिरला. डबीचं झाकण फिरावं तसा फिरला. दुसराही.

"त्यो हातानं फिरवतोय का?" घरमालकांनी विचारलं.

माझं वाक्य तोंडात होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात त्या घटकेला फक्त काळोख होता. मी त्यांना सगळं सांगितलं. फोटोचं, रेघेचं, माझ्या शिकवण्याचं, माझ्या ओरडण्याचं. भाऊ वरून म्हणाला, "चूक माजीबी हाय, मालक." मी म्हणालो, "नाही, मीच त्याला मधेच दुसरीकडं बोलावलं."

त्यांनी माझा हात सोडलेला होता. केव्हा सोडला ते कळलं नाही.

"किती नट?"

"दोन. वरचे दोन्ही."

"आन् काल तुमी म्हनला, खुशाल बसा."

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. भाऊनं पाना लावला. टक्. टक्. मग त्यानं तिन्ही अँटेनांचा एकेक नट पुन्हा तपासला, आणि प्रत्येक टक् मी मोठ्यानं मोजला, लहान मुलानं पाढे म्हणावेत तसा. जुन्या रेघा पुसून त्यानं नव्या ओढल्या. पाना आधी आणि रेघ मग. फोटो काढायचा राहिला, आणि दोघांनाही त्याची आठवण झाली नाही.

तो खाली उतरल्यावर घरमालकांनी विचारलं, "आता पक्कं हाय?"

"पक्कं आहे."

"व्हय?"

"हो. मी मोजलंय."

त्यांनी गच्चीवरच्या चटईकडं बोट केलं. सकाळी लेकीनं टाकलेली ती तशीच पडली होती, उशाला चार घड्यांचं दुपटं. "मग बसा तिथं," ते म्हणाले. "आमी बगतो हितनं."

मी बूट काढले आणि जाऊन बसलो. ऊन आता चटका द्यायला लागलं होतं. चटईला तेलाचा आणि पावडरचा वास होता. बीटा बरोबर डोक्यावर होती. दोन्ही क्लॅम्प पक्के होते, ते मला माहीत होतं, माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी माझ्या डोळ्यांपुढून एकेक साइट जायला लागली. चाकणचा तो उंच टॉवर, त्याच्या खालून शिफ्ट सुटल्यावर चालत जाणारी माणसं. कंपनीच्या फाटकाजवळचा, ज्याच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे तो. कुठं कुठं मी असंच मधेच ओरडलो होतो? पुढच्या महिन्याभरात आम्ही दोघं त्या सगळ्या ठिकाणी परत जाणार होतो, वरिष्ठांना लेखी सांगून, बोलणी खाऊन. पण ते त्या घडीला मला ठाऊक नव्हतं. त्या घडीला मला फक्त एवढंच कळत होतं की वारा आहे.

घराच्या दारात लेक उभी होती. बाळ खांद्यावर होतं, रडून रडून लालबुंद झालेलं. वडिलांनी तिला सगळं सांगितलं असावं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला तिच्याकडं बघता आलं असतं.

"ताई, आता काही भीती नाही," मी म्हणालो. "आणा तिला."

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुमचं वर बघणं थांबलं, की आणते," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. चटईच्या काड्या मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझी मान आपोआप वर गेली. परत खाली पाहिलं तेव्हा तिनं दार लावून घेतलेलं होतं.